जोडीतला मागे पडलेला डोळा

किल्लारी भागातल्या शेतकरी भावांनो आणि बहिणींनो,

जोडीतला एक बैल अंगचोर निघाला, की दुसरा सारी ओढ आपल्यावर घेतो. पाभर चालत राहते, म्हणून लवकर ध्यानात येत नाही. लेकरांच्या डोळ्यांचेही कधी असेच होते. एक डोळा चांगला बघतो, दुसरा मागे पडतो. लेकरू खेळते, पळते. घरात कुणाला पत्ता नसतो. याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. शंभरात दोन-तीन मुलांना तो असतो.

असे का होते? पहिल्या सात-आठ वर्षांत मेंदू बघायला शिकतो. एका डोळ्याकडून नीट चित्र आले नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देणेच सोडतो. डोळा तिरळा असणे, दोन डोळ्यांच्या नंबरात फार फरक असणे, जन्मतः मोतीबिंदू असणे किंवा पापणी खाली पडलेली असणे, ही मुख्य कारणे.

“तिरळा डोळा भाग्याचा, मोठेपणी सुटेल,” असे म्हणून थांबू नका. बाळ चार महिन्यांचे झाल्यावरही डोळा तिरळा दिसला, तर डॉक्टरांना दाखवा. बाहुलीत पांढरी झाक दिसली, तर एक दिवसही दवडू नका.

घरी एवढे करा. लहान बाळाचा एकेक डोळा तळहाताने अलगद झाका. एकच डोळा झाकला की ते रडत असेल, हात झटकत असेल, तर दुसऱ्या डोळ्याला कमी दिसत असावे. मोठ्या लेकराला भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा एकेका डोळ्याने वाचायला लावा. बोटांच्या फटीतून बघू देऊ नका. यात काही आढळले नाही, तरी शाळेत घालण्याआधी एकदा डोळे तपासून घ्या.

उपाय साधा आहे. लागेल तो चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे मागे पडलेल्याला काम करावेच लागते. मोतीबिंदू किंवा पापणी आड येत असेल, तर आधी शस्त्रक्रिया लागू शकते. पट्टी किती तास, हे डॉक्टरच ठरवतील. मनाने बांधू नका. वय वाढले की गुण कमी येतो, तरी मोठे मूलही जरूर दाखवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्या दिवशी लेकराला शेतावर नेऊ नका. पथकाने चिठ्ठी दिली, तर औसामार्गे लातूरच्या सरकारी दवाखान्यात जाऊन या.

पेरणीची वेळ टळली तर पुढल्या साली पुन्हा येते. लेकराच्या नजरेचा हंगाम मात्र एकदाच येतो.