माळावरचे ऊन आणि खडकातले पाणी

कोल्हापूर जिल्ह्यातील सिंचनाचा विचार आजवर नदीच्या काठाकाठाने होत आला. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. तेव्हापासून पाणी धरणात अडवायचे, गरजेप्रमाणे नदीत सोडायचे, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे तुंबवायचे आणि तेथून सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या उपसा योजनांनी मळ्यांवर चढवायचे, अशी व्यवस्था येथे घडत गेली आणि तिच्याबरोबर पाणीपाळी, पाणीपट्टी व टंचाईच्या उन्हाळ्यात पाटबंधारे विभागाने जारी करायची उपसाबंदी हे नियमही रुजले. या नियमांबद्दल शेतकऱ्याची कुरकुर असतेच. तरी नदीचे पाणी सर्वांचे आहे आणि ते मोजून-मापून घ्यावे लागते, एवढी समजूत त्यांनी निर्माण केली. विहीर आणि बोअर मात्र या समजुतीबाहेर राहिल्या. उपसाबंदीचा आदेश नदीवरच्या मोटारीला लागू होतो, माळावरच्या विहिरीतल्या मोटारीला होत नाही. राज्यात वेगाने राबवला जात असलेला सौर कृषिपंपांचा कार्यक्रम नेमका या बिननियमाच्या पाण्यावर येऊन बसतो. त्यामुळे त्याची चर्चा केवळ विजेच्या अंगाने करणे अपुरे ठरते.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या ‘पीएम-कुसुम’ योजनेतून विजेच्या तारांशी न जोडलेल्या, स्वतंत्र सौरपंपांना अनुदान मिळू लागले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना आणून शेतकऱ्याचा हिस्सा किमतीच्या दहा टक्क्यांवर, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांसाठी पाच टक्क्यांवर आणला. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्ती, अशी पंपाची क्षमता जमिनीच्या धारणेनुसार ठरते. म्हणजे पंप किती मोठा द्यायचा हे सातबारा पाहून ठरते. विहिरीला पाणी किती आहे, हा प्रश्न या कोष्टकात कोठेच येत नाही.

या पंपांची बाजू भक्कम आहे, हे आधीच मान्य केले पाहिजे. शेतीला थ्री-फेज वीजपुरवठा आळीपाळीने कधी दिवसा आठ तास, तर कधी रात्री दहा तास मिळतो, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकऱ्याला काळोखात पाणी पाजायला जावे लागते. राधानगरी, आजरा, चंदगडकडे या वेळी बांधावर गवा उभा असू शकतो. सापाची भीती तर सगळीकडेच आहे. स्वाभिमानी शेतकरी संघटनेने माजी खासदार राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली २०२२ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर धरणे धरले, ते दिवसा दहा तास विजेच्या मागणीसाठीच. जळालेल्या रोहित्राच्या दुरुस्तीची वाट पाहत वाळणारे पीक आणि डिझेल इंजिनाचा खर्च यांतून सौरपंप सुटका करतो. ज्यांच्यापर्यंत वीजवाहिनी पोचलीच नाही अशा कोरडवाहू शेतकऱ्यांच्या दृष्टीने तर पाण्याच्या वाटपातील जुना अन्याय थोडासा दूर होण्याची ही पहिलीच संधी आहे. पंपांना सरसकट विरोध करणारा पर्यावरणवाद या शेतकऱ्याला रात्रीच्या पाणीपाळीवर परत पाठवतो, याचे भान ठेवायला हवे.

प्रश्न आहे तो हे पंप कोठे बसतात याचा. नदीवरील सामाईक उपसा योजनांच्या मोटारी मोठ्या अश्वशक्तीच्या असतात, पाणी कित्येक फूट उंच आणि लांबवर न्यायचे असते, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांत पंचगंगेने काठ कसे गिळले हे पाहिलेला कोणीही मळीच्या जमिनीत सौरपट्ट्या उभारण्याचा सल्ला देणार नाही. साहजिकच साडेसात अश्वशक्तीपर्यंतचा सौरपंप नदीपासून दूर जातो: गडहिंग्लजचा पूर्व भाग, कागल व हातकणंगले तालुक्यांतील माळ, डोंगरउतारावरची विहीर. पावसाची विभागणीही येथे विलक्षण विषम आहे. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असताना त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळमध्ये त्याचा दहावा हिस्सा कसाबसा पडतो. ज्या भागात पाऊस कमी, नदी दूर आणि जमिनीखाली काळा खडक, तेथे फुकटच्या ऊर्जेचा पंप पोचतो आहे.

या खडकाचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. गंगेच्या मैदानात जमिनीखाली वाळूचे जाड थर असतात आणि ते वर्षानुवर्षे पाणी साठवतात. दख्खनच्या बेसाल्टात, म्हणजे या काळ्या खडकात, पाणी राहते ते भेगांत, सच्छिद्र थरांत आणि वरच्या कुजलेल्या मुरमात. खडकाला पाण्याने गच्च भरून मग निथळू दिले, तर त्याच्या एकूण आकारमानाच्या किती टक्के पाणी बाहेर येते, याला ‘विशिष्ट उत्पादकता’ म्हणतात. बेसाल्टात हे प्रमाण साधारणपणे एक ते तीन टक्के असते. ते दोन टक्के धरले तर एका एकराखालची पाणीपातळी एक मीटर खाली जाते तेव्हा हाती येते अवघे ऐंशी हजार लिटर. पाच अश्वशक्तीचा पंप तीस मीटर खोलीवरून स्वच्छ उन्हाच्या दिवशी सवा लाख लिटरच्या घरात पाणी उपसू शकतो. म्हणजे एका दिवसाचा उपसा दीड एकराखालची पातळी मीटरभर उतरवण्याइतका होतो. एक एकर उसाला हंगामभर लागणारे पाणी दोन हजार मिलिमीटर मानले आणि त्यातले निम्मे पावसाने भागवले असे उदार मनाने धरले, तरी उरलेले चाळीस लाख लिटर जमवण्यासाठी पन्नास एकरांखालचा खडक मीटरभर रिता करावा लागतो. ही पन्नास एकर जमीन अर्थातच एकाच्या मालकीची नसते. शिवाय बेसाल्टातील साठा मुख्यतः वर्षापुरता असतो, तो पावसाळ्यात भरतो आणि फाल्गुनानंतर आटत जातो; सौरपंपाचे ऊन मात्र नेमके त्याच वेळी तापायला लागते. पंप सर्वांत जोरात चालतो तेव्हा विहीर सर्वांत दुबळी असते.

विहीर आटली की पंप आपोआप थांबेल, मग नुकसान कोणाचे, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच खरा आहे. विहीर आटली की शेतकरी थांबत नाही, बोअर मारतो. ती आटली की आणखी खोल मारतो, आणि खोल गेलेल्या बोअरमुळे शेजाऱ्याची उथळ विहीर व गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर आधी कोरडी पडते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्य सरकारने एप्रिल २०२४ पासून मोफत वीज दिली असल्याने पाणी उपसण्याचा खर्च तारेवरच्या पंपालाही शून्यच आहे, मग सौरपंपाने वेगळे काय घडते, असेही विचारले जाते. वेगळेपण तासांत आहे. विजेचे भारनियमन शेतकऱ्याच्या दृष्टीने छळ होता, पण भूजलाच्या दृष्टीने तो कोणी न ठरवता लागू झालेला पाण्याचा रतीब होता. किंमत नसली तरी वेळेची मर्यादा होती. सौरपंपाने ती काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरी कोणतीही ठेवली नाही.

राजस्थान, गुजरात आणि युद्धग्रस्त येमेनचा अनुभव या संदर्भात सांगितला जातो आणि ‘सायन्स’ या नियतकालिकानेही २०२४ मध्ये सौर सिंचनाच्या भूजलावरील धोक्यांची दखल घेतली. कोल्हापूरला मात्र दूर पाहण्याची गरज नाही. शिरोळ तालुक्यात नेमका उलटा प्रकार घडला. मुबलक आणि स्वस्त पाणी काळ्या जमिनीत पाटाने सोडत राहिल्याने भूजल वर आले, क्षार पृष्ठभागावर साचले, जमिनी क्षारपड व पाणथळ झाल्या आणि त्या पुन्हा पिकाखाली आणण्यासाठी श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतांखाली सच्छिद्र नळ्या घालून निचऱ्याची कामे करावी लागली. कोठे पाणी चढले आणि कोठे उतरले एवढाच फरक. न मोजलेले पाणी दोन्हीकडे सारखेच आहे.

कायद्याची स्थिती कागदावर वाईट नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालचे पाणी जमीनमालकाच्या हाती दिले, तो समज आजही विहिरीच्या काठावर राज्य करतो. पण महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून अमलात आला आणि त्याने शेतीसाठी साठ मीटरहून खोल विहीर वा बोअर घेण्यास मनाई केली. बोअरच्या गाड्यांना हा कायदा ठाऊक नसावा, असेच गावोगावचे चित्र सांगते. ‘कुसुम’च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही भूजलाचा अतिउपसा झालेल्या क्षेत्रांत नवे पंप न देता केवळ जुन्या डिझेल पंपांचे, तेही सूक्ष्म सिंचनाच्या अटीवर, सौरीकरण करण्यास सांगितले आहे. अट चांगली आहे, पण ती क्षेत्र बिघडल्यानंतर लागू होते. राज्यातील १३ जिल्ह्यांत राबवल्या गेलेल्या अटल भूजल योजनेत शेजारचे सांगली व सातारा आहेत, कोल्हापूर नाही. सरासरीत हा जिल्हा पाण्याने श्रीमंत दिसतो आणि गगनबावड्याचा पाऊस गडहिंग्लजच्या विहिरींच्या हिशेबात जमा होतो.

पंपधारकाला पाणी वाचवण्यात लाभ दिसावा यासाठी गुजरातमधील खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावाने २०१६ च्या सुमारास एक वाट दाखवली. तेथील सौरपंपधारकांनी सहकारी मंडळी स्थापून उरलेली वीज वितरण कंपनीला युनिटला ४ रुपये ६३ पैशांनी विकली, आणि त्यावर हरित ऊर्जा व पाणीबचत यांसाठी प्रत्येकी सव्वा रुपया प्रोत्साहनपर मिळाला. पाणी उपसले तर वीज विकता येत नाही, एवढ्या साध्या हिशेबाने पाण्याला किंमत आली. तोच हिशेब उसाशेजारी मांडला तर उणा पडतो, हेही सांगायला हवे. पाच अश्वशक्तीच्या संचातून वर्षभरात पाच-सहा हजार युनिट वीज निघेल. राज्य सरकारच्या सौर वाहिनी योजनेतील सुमारे तीन रुपयांच्या दराने ती सारी विकली तरी पदरात पडतील फार तर अठरा हजार, आणि एकरभर ऊस लाखाच्या घरात जातो. शिवाय आज दिले जाणारे स्वतंत्र पंप तारेला जोडलेलेच नाहीत, मग वीज विकायची कोठून? जेथे वीजवाहिनी आहे तेथे स्वतंत्र संच देण्याऐवजी तारेला जोडलेले सौरीकरण करावे आणि खरेदीदरावर पाणीबचतीचा ठळक बोनस द्यावा. तो परवडत नाही असे म्हणणाऱ्यांनी आज शेतीपंपांच्या वीजबिलापोटी सरकारी तिजोरीतून जाणारी रक्कमही सोबत मांडावी.

किंमत अपुरी पडते तेथे पाळी लागते, आणि ती या जिल्ह्याला शिकवावी लागणार नाही. पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणीपंचायत उभी केली व उसाला नकार देऊन माणशी पाणी वाटले. हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअर बंद केल्या आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. कोल्हापुरात पाणीपुरवठा संस्थेचा सभासद असलेला शेतकरी नदीच्या पाण्यासाठी हे सारे रोज करतो, फक्त विहिरीच्या बाबतीत करत नाही. सौरपंपांसोबत दूरस्थ निरीक्षणाचे यंत्र येते, पंप किती वेळ चालला याची नोंद त्यातून सर्व्हरवर जाते आणि आज ती मुख्यतः पंप सुरू आहे की बंद, हे पाहण्याच्या कामी येते. त्याच नोंदी ग्रामपंचायतीकडे आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेकडे पाठवल्या, यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या ऑक्टोबरच्या पातळीशी त्या ताडून पाहिल्या आणि रब्बीच्या तोंडावर ग्रामसभेत वाचून दाखवल्या, तर पाणलोटातील विहिरींची पाळी ठरवण्यासाठी लागणारा आकडा गावाच्या हाती असेल. उपसाबंदीचा पुढचा आदेश निघेल तेव्हा त्यात नदीसोबत माळावरच्या विहिरींचाही उल्लेख करायचा की नाही, हे मग पाटबंधारे विभागाऐवजी त्या विहिरींचे मालकच ठरवू शकतील.