मुलें सांभाळणाऱ्यांना सोबत कोणाची?

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मनुष्याच्या मनाला, लहान मूल सांभाळणें हें एकट्याचें काम आहे, ही कल्पनाच शिवत नाहीं. मूल रडूं लागलें कीं आजी माजघरांतून विचारते, काकू पाळण्याची दोरी हातीं घेते, आत्या कपाळाला हात लावून ताप पाहते, आणि तेवढ्यांत आई दोन घांस खाऊन येते. एकत्र कुटुंबाच्या गुणदोषांची चर्चा आमच्या वाचकांनीं पुष्कळ ऐकली आहे. ती आज आम्हांला उकरून काढावयाची नाहीं. आम्हांला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, ज्याच्या मांडीवर मूल असे त्याला शंका विचारावयास आणि थकल्यावर मूल देऊन उठावयास दुसरें माणूस त्या घरांत जवळ असे. मुलाचें पुष्कळसें कल्याण या एका गोष्टीनें होत असे.

आज आपल्या घरांतील सुना-मुली नोकरीला जातात, आजी-आजोबा गांवीं असतात, आणि मूल पाळणाघरांत किंवा बालवाडींत जातें, अथवा त्याला सांभाळावयास एखादी बाई घरीं येते. मुलाबरोबर आपण डबा देतों, दुधाची बाटली देतों, कपड्यांचा जास्तीचा जोड देतों. परंतु ज्या सोबतीच्या बळावर आपल्या आया-आज्यांनीं मुलें वाढविलीं, ती सोबत या स्त्रीला कोठून मिळावी, याचा विचार मात्र आपण करीत नाहीं.

पाळणाघर चालविणाऱ्या एखाद्या स्त्रीचा दिवस डोळ्यांपुढें आणावा. दोन खोल्यांच्या जागेंत सहा-आठ मुलें आहेत. त्यांतील एकाचें अंग कोमट लागत आहे; दुसरें आल्यागेल्यास चावतें; तिसरें दोन वर्षांचें झालें तरी एकही शब्द बोलत नाहीं. हें सारें तिला दिसतें. पण विचारावें कोणाला? मुलाच्या आईला सांगावें, तर ती घाबरून उद्यां मूल दुसरीकडे नेईल, आणि महिन्याच्या मिळकतींत तेवढी तूट येईल. म्हणून ती गप्प बसते. बोलण्यांत मागें पडलेल्या मुलाची तपासणी ज्या वयांत व्हावयास हवी, तें वय या मौनांत निघून जातें. निष्काळजीपणानें मुलांचें नुकसान होतें हें सर्वांना ठाऊक आहे. सांभाळणारीच्या एकटेपणानेंही तें होतें, हें मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानांत येतें.

यावर आम्हांला सुचणारा उपाय साधा आहे. एकाच पेठेंतील अथवा वसाहतींतील मुलें सांभाळणाऱ्या स्त्रियांनीं आपलें एक लहानसें मंडळ करावें, महिन्यांतून एकदां एकत्र बसावें, आणि एकमेकींना उपयोगीं पडावें.

ही कल्पना आमची नव्हे. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं बालशिक्षणाचें काम हातीं घेतलें, तेव्हां १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि शिक्षणपत्रिकाही निघूं लागली. कारण ठिकठिकाणीं एकाकी काम करणाऱ्यांना एकमेकांचे अनुभव कळावे, ही गरज त्यांना आरंभींच दिसली होती. पुढें १९४५ सालीं ताराबाईंनीं आजच्या पालघर जिल्ह्यांतील बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं काम सुरू केलें, तेव्हां अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. त्या दोघींच्या कामाची कीर्ति आपण गातों. पण प्रतिकूल दिवसांत त्या एकमेकींना होत्या, ही गोष्ट आपण विसरतों. अहमदाबादेस इलाबेन भट्ट यांनीं १९७२ सालीं स्थापिलेल्या ‘सेवा’ संस्थेच्या छायेखालीं मुलें सांभाळणाऱ्या स्त्रियांची ‘संगिनी’ ही सहकारी मंडळी उभी राहिली. इंग्लंडांतही आपल्या घरीं इतरांचीं मुलें सांभाळणाऱ्या स्त्रियांनीं १९७७ सालीं राष्ट्रीय संघटना केली.

यावर कोणी म्हणेल कीं, सरकारी देखरेख असतांना निराळें मंडळ कशाला? एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजीं ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली, आणि तिच्यांतून देशभर अंगणवाड्या उभ्या राहिल्या. अंगणवाडीच्या सेविकेला पर्यवेक्षिकेसमोर बैठकीला जावें लागतें हें खरें. परंतु त्या बैठकींत मुलांचीं वजनें, आहाराचा हिशेब आणि भरावयाच्या नोंदी यांचा विचार होतो. तें आवश्यकच आहे. जेथें जाब द्यावयाचा तेथें ‘मला हें जमत नाहीं’ असें सहसा कोणी म्हणत नाहीं. त्यासाठीं बरोबरीच्यांची जागा लागते. खाजगी पाळणाघर चालविणारीला तर तीही बैठक नाहीं. पन्नास अथवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणें १९१७ साली नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१७ सालच्या कायद्याच्या दुरुस्तीनें बंधनकारक झालें. तेव्हां पाळणाघरांची गरज कायद्यानें मान्य केली, पण तेथें काम करणारीची सोबत कायदा पुरवूं शकत नाहीं. ती शेजारांतच उभी करावी लागेल.

मंडळ कसें चालवावें हें आमच्या भगिनींना नव्यानें शिकावयास नको. भिशी त्यांना ठाऊक आहे. भिशी वर्षानुवर्षें चालते, कारण तिचा दिवस ठरलेला असतो, माणसें मोजकीं असतात, घर पाळीपाळीनें बदलतें, आणि प्रत्येकीला ठाऊक असतें कीं आज आपण दिलें तें उद्यां आपल्याकडे येणार आहे. हेंच शास्त्र येथें लावावें. पायीं पंधरा मिनिटांच्या अंतरांतील सहा ते दहा स्त्रिया पुरेत. अधिक झाल्या तर दोन मंडळें करावीं. वार व वेळ कायमची ठरवावी. मुलें दुपारीं निजतात ती वेळ सोयीची वाटते, पण निजलेलीं मुलें टाकून कोणाला निघतां येत नाहीं. यास्तव महिन्याचा दुसरा शनिवार, सायंकाळीं चार ते साडेपांच, अशी कांहीं वेळ बरी. जागा एखाद्या सभासद भगिनीची अथवा वाचनालयाची असावी. मुलांच्या आईबापांच्या घरीं मात्र बैठक भरवूं नये, तेथें मोकळेपणा राहणार नाहीं.

सभासद कोणाला करावें, या प्रश्नावर आम्ही थोडें स्पष्ट बोलतों. पदविका घेतलेली बालवाडीची शिक्षिका, पाळणाघर चालविणारी गृहिणी, अंगणवाडीची सेविका व मदतनीस, आणि आपल्या घरीं मूल सांभाळावयास येणारी बाई, या सर्वजणी एकाच सतरंजीवर बसाव्या. आपल्या सुशिक्षित घरांतून एकीला ‘मॅडम’ आणि दुसरीला नुसतें नांवानें हांक मारण्याची जी रीत आहे, ती उंबऱ्याबाहेर ठेवावी व सर्वजणींनीं एकमेकींना ताई म्हणावें. जातीचा विचार तर येथें येतांच कामा नये. पदविकेच्या पुस्तकांत नसलेल्या कितीएक गोष्टी चार मुलें हाताखालून गेलेल्या बाईला ठाऊक असतात. आणि पुस्तकांतील कितीएक गोष्टी तिला कळल्या तर तिच्या हातचीं मुलें अधिक सुखरूप राहतील.

बैठकीचा क्रम सोपा ठेवावा. प्रथम प्रत्येकीनें आपला महिना कसा गेला तें सांगावें; कोणाला मध्येंच तोडूं नये, आणि विचारल्याशिवाय सल्ला देऊं नये. कोणत्या घरीं मुलांना गोवर अथवा कांजिण्या आल्या आहेत, जुलाबाची सांथ कोठें दिसते, ही बातमी येथें फिरली तर प्रत्येकीला वेळींच सावध होतां येतें. त्यानंतर एकच विषय घ्यावा. उदाहरणार्थ, घशांत पदार्थ अडकल्यास काय करावें, हा विषय पहिल्या वर्षांतच घ्यावा. अख्खे शेंगदाणे, अख्खीं द्राक्षें व नाणीं यांपासून लहान मुलांना धोका असतो. वर्षाच्या आंतील मुलाच्या घशांत कांहीं अडकून श्वास कोंडला, तर पाठीवर पांच थापा आणि छातीवर पांच दाब असा क्रम वैद्यकशास्त्र सांगतें. दिसत नसलेली वस्तु बोटानें चांचपून काढूं पाहूं नये, ती अधिक आंत जाते. परंतु हें वाचून येण्यासारखें नाहीं. एखाद्या डॉक्टरांना बोलावून बाहुलीवर प्रत्येकीकडून तें करवून घ्यावें. शेवटीं पुढील महिन्यांत कोणाला रजा हवी आहे तें विचारून बदलीची व्यवस्था ठरवावी.

या बदलीच्या व्यवस्थेंतच मंडळाचें खरें बळ आहे. पाळणाघरवालीला ताप आला तरी पाळणाघर बंद ठेवतां येत नाहीं, आणि तापांतच ती मुलांना जेवूं घालते. यांत तिचेंही हित नाहीं व मुलांचेंही नाहीं. याकरितां दोन-दोन स्त्रियांच्या जोड्या असाव्या. आजारी पडलेलीच्या घरचीं आठ मुलें दुसरीच्या आठ मुलांत नेऊन घालणें ही बदली नव्हे. दोघींचीं मिळून होणारीं मुलें सांभाळण्यास पुरेसे हात व जागा हवी, नाहीं तर मोकळी असलेली तिसरी भगिनी तेथें जावी. बदली येणारी स्त्री मुलांच्या ओळखीची असावी, म्हणून तिनें आधीं दोन-तीनदां येऊन मुलांत बसावें. आणि आईबापांची संमति आगाऊ घेतलेली असावी.

गुप्ततेचा नियम कडक हवा. कोणत्याही मुलाचें अथवा कुटुंबाचें नांव बैठकींत निघूं नये. ‘एक तीन वर्षांचा मुलगा’ एवढें म्हटल्यानें काम भागतें. निरोपासाठीं व्हॉट्सॲपचा गट करण्यास हरकत नाहीं, पण त्यांत मुलांचीं छायाचित्रें घालूं नयेत. या नियमाला एकच अपवाद आहे. मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आला, तर ती गोष्ट मंडळांत बोलून ठेवून देण्याची नव्हे. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणें हें २०१२ सालच्या बालसंरक्षणाच्या कायद्यानें प्रत्येकाचें कर्तव्य ठरविलें आहे. आणि संकटांतील मुलांच्या मदतीसाठीं १०९८ हा दूरध्वनि क्रमांक आहे. एकटीला जें पाऊल उचलण्याचें भय वाटतें, तें उचलतांना मंडळानें तिच्या पाठीशीं उभें राहावें.

अशीं मंडळें उत्साहानें निघतात आणि चौथ्या महिन्यांत विरतात. सारें काम एकटीवर पडतें, किंवा बैठकीचें व्याख्यान होतें, किंवा कोणी तेथें साड्या व पापड विकावयास आणते. म्हणून चिटणीसपण दर तीन महिन्यांनीं बदलावें, बाहेरचा वक्ता वर्षांतून दोनदांपेक्षां अधिक बोलावूं नये, आणि विक्रीला साफ मनाई असावी.

आतां आमच्या वाचक कुटुंबांकडे वळतों. पुष्कळांच्या मनांत शंका येईल कीं, या बायका एकत्र आल्या म्हणजे दर वाढवितील. कदाचित् वाढवितीलही. परंतु आठ मुलांवर घर चालत नाहीं म्हणून जी अकरा मुलें घेते, तिचा स्वस्तपणा आपल्याच मुलाच्या वांट्यास येतो, हें हिशेब करतांना विसरूं नये. मंडळाला आपल्याकडून फार कांहीं नको आहे. ठरलेल्या शनिवारीं मूल वेळेवर घरीं न्यावें. घरीं येणाऱ्या बाईला त्या दिवशीं पगार न कापतां लवकर सोडावें. आणि बैठकींत काय बोलणें झालें तें दुसऱ्या दिवशीं खोदून विचारूं नये. याहूनही एक गोष्ट अधिक मोलाची आहे. मुलाविषयीं तिनें कांहीं अप्रिय सांगितलें तर तें शांतपणें ऐकून घ्यावें. सांगण्याची शिक्षा मिळत नाहीं असा अनुभव तिला आला, म्हणजे पुढची गोष्ट ती लपविणार नाहीं.

या महिन्यांत मूल आणावयास जाल तेव्हां, ‘आज जेवला का? निजला का?’ या नित्याच्या दोन प्रश्नांना तिसरा जोडावा: ‘ताई, तुम्हांला कांहीं अडलें तर तुम्ही कोणाला विचारतां?’ उत्तर ‘कोणालाच नाहीं’ असें आलें, तर आपल्या आळींतील दुसऱ्या पाळणाघराचा पत्ता तिला द्यावा, आणि दोघींची गांठ घालून देऊन आपण मागें सरावें. दोघी भेटल्या कीं मंडळाचा आरंभ झाला.