खाटा वाढल्या, गरज कोण मोजणार?

आज, 7 एप्रिल, जागतिक आरोग्य दिन. नव्या रुग्णालयांच्या आणि वाढीव खाटांच्या घोषणा आज ठिकठिकाणी होतील. खाटा वाढल्या की आरोग्य सुधारते, हे गृहीतक मात्र तपासून घेतले पाहिजे.

अमेरिकेतील मिल्टन रोमर आणि मॅक्स शेन यांनी 1959 मध्ये दाखवून दिले की, जिथे दरडोई खाटा जास्त, तिथे भरती होणारे रुग्णही जास्त. टाकलेली खाट रिकामी राहत नाही, विशेषतः बिल विमा भरणार असेल तेव्हा. 'रोमरचा नियम' तो हाच. बाजारात भाजी किती घ्यायची हे गिऱ्हाईक ठरवते. दवाखान्यात कोणते उपचार, किती, हे डॉक्टर ठरवतो आणि कमाईही त्याचीच. त्यात कर्जाचे हप्ते डोक्यावर असले की प्रामाणिक माणसाचाही कौल 'भरती करून घ्या' याकडे झुकतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2019-21 मध्ये देशातील खासगी रुग्णालयांत 47.4 टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के. एवढी तफावत केवळ बायकांच्या प्रकृतीतून येत नाही. बीडमध्ये तर हे फार क्रूरपणे दिसले. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीने पाहणी केलेल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती, तीही बहुतांशी खासगी दवाखान्यांत. कर्करोगाची भीती घातली गेली, पाळीमुळे पडणाऱ्या खाड्याचा दंड परवडत नव्हता आणि शस्त्रक्रिया करणारा जवळच होता.

म्हणून खाटा वाढवूच नयेत असे नाही. दुर्गम तालुक्यात भूलतज्ज्ञ नसतो तेव्हा अडलेल्या बाईची गरज कुठल्या नोंदवहीत उमटतच नाही. तिथे सोय झाली की वाढणारी मागणी खरी असते, फक्त इतके दिवस दबलेली. प्रश्न खाट कुठे पडते आणि भरतीचा निर्णय कोणाच्या फायद्याचा, हा आहे.

शासनाने प्रत्येक रुग्णालयाचे सिझेरियन आणि गर्भाशय शस्त्रक्रियांचे प्रमाण दरवर्षी जाहीर करावे, नव्या खाटा आधी तुटवड्याच्या तालुक्यांना द्याव्यात. आणि वाचकांनो, तातडीची नसलेली शस्त्रक्रिया कोणी सुचवली तर दुसऱ्या डॉक्टरचे मत जरूर घ्या. त्यात डॉक्टरचा अपमान नाही. तो तुमचा हक्क आहे.