मैत्रीचें ऋण आणि पदाचें कर्तव्य

विद्यार्थिदशेंत जुळलेली मैत्री आयुष्यभर टिकते, असें आपण नेहमीं ऐकतों. परंतु ती कोणत्या गुणांवर टिकते, याचा विचार फारसा होत नाहीं. द्रोण व द्रुपद यांनीं एकाच आश्रमांत विद्या संपादन केली. पुढें द्रुपद राजा झाला, आणि दारिद्र्यानें गांजलेला द्रोण त्याच्या दारीं गेला असतां, मैत्री समानांतच शोभते, असें सुनावून त्यानें त्यास परत लाविलें. द्रोणानें या अपमानाचा सूड गुरुदक्षिणेच्या निमित्तानें आपल्या शिष्यांकरवीं घेतला. एकानें पदाच्या मदानें मैत्री बुडविली. दुसऱ्यानें गुरुपदाचा उपयोग खासगी वैरासाठीं केला. पद आणि खासगी संबंध यांची अशी गल्लत झाली म्हणजे दोहोंचाही नाश होतो, असें आमचें मत आहे. याच्या उलट असलेलें एक उदाहरण अमेरिकेच्या इतिहासांत सांपडतें.

हडसन नदीच्या कांठीं वेस्ट पॉइंट येथें अमेरिकेचें सैनिकी विद्यालय आहे. तेथून युलिसिस ग्रँट १८४३ सालीं व सायमन बक्नर १८४४ सालीं शिक्षण पुरें करून बाहेर पडले. त्यानंतर मेक्सिकोच्या युद्धांत दोघांनीं एकाच निशाणाखालीं चाकरी केली. १८५४ सालीं ग्रँट लष्करांतील नोकरी सोडून न्यूयॉर्क शहरीं आला, तेव्हां त्याच्या खिशांत पैसा उरला नव्हता. घरून मदत येईपर्यंत त्याची अडचण भागविली ती तेथें असलेल्या बक्नरनें.

पुढें १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी पेटली. ग्रँट संयुक्त राष्ट्राच्या सैन्यांत पुन्हा दाखल झाला. बक्नर दक्षिणेकडील बंडखोर संस्थानांस मिळाला. फेब्रुवारी १८६२ मध्यें ग्रँटनें टेनेसी प्रांतांतील डोनेल्सन किल्ल्यास वेढा घातला. आंतील दोन वरिष्ठ सेनानी अधिकार बक्नरच्या हवालीं करून निसटून गेले. बक्नर मात्र आपल्या शिपायांस सोडून गेला नाहीं. ता. १६ रोजीं त्यानें शरणागतीच्या अटी ठरविण्याविषयीं पत्र पाठविलें. त्यांत जुन्या उपकाराचा उच्चारही नव्हता. ग्रँटनें उत्तर धाडिलें कीं, बिनशर्त व तत्काळ शरणागतीवांचून दुसरी कोणतीही अट मान्य होणार नाहीं. हें उत्तर औदार्यास सोडून आहे, असें बक्नरनें स्पष्ट कळविलें. परंतु निरुपाय जाणून किल्ला स्वाधीन केला. बारा हजारांहून अधिक शिपाई कैद झाले. त्यानंतर, बक्नरनेंच पुढें सांगितल्याप्रमाणें, ग्रँटनें त्यास एकीकडे गांठून आपली पैशाची थैली त्याच्यापुढें केली.

कोणी म्हणतील कीं, अडचणींत साह्य करणाऱ्या मित्रास कठोर उत्तर देणें ही कृतघ्नताच होय. आम्हांस तसें वाटत नाहीं. ग्रँटवर जें ऋण होतें तें त्याच्या स्वतःचें होतें. तें त्यानें स्वतःच्या थैलींतून फेडूं पाहिलें. सैन्य मात्र त्याचें नव्हतें, राष्ट्राचें होतें. शिवाय तो लढा कांहीं दोन सरदारांचा मानापमान नव्हता. दक्षिणेच्या संस्थानांनीं गुलामगिरी राखण्यासाठीं फुटून निघण्याचा मार्ग धरिला होता, आणि सुमारें चाळीस लक्ष गुलामांचें भवितव्य त्या युद्धावर अवलंबून होतें. ज्या पक्षाकडून बक्नर लढला तो पक्ष अन्यायाचा होता, हें त्याच्या सद्गुणांचें कौतुक करतांनाही विसरतां येत नाहीं. त्या लाखों जीवांच्या हिताचा कांहीं अंश मित्रास नजराणा म्हणून देण्याचा अधिकार ग्रँटला कोठून असणार? योनाथानानें दाविदास आपला झगा, तरवार व धनुष्य दिलें. तें सर्व त्याचें स्वतःचें होतें. मित्रास द्यावें तें असें.

बक्नरनेंही या गोष्टीचा डंख मनांत ठेविला नाहीं. ग्रँट पुढें आठ वर्षें राष्ट्राध्यक्ष होता. परंतु १८८४ सालीं एका पेढीच्या दिवाळ्यांत त्याचें सर्वस्व गेलें, आणि घशाच्या कर्करोगानें त्यास गांठलें. जुलै १८८५ मध्यें बक्नर त्याच्या भेटीस मुद्दाम गेला. ग्रँटची वाचा बंद झाली होती. कागदावर पेन्सिलीनें लिहून तो मित्राशीं बोलला. त्याच महिन्याच्या २३ तारखेस त्याचा अंत झाला. न्यूयॉर्क येथील अंत्ययात्रेंत शवपेटिकेच्या मानकऱ्यांत उत्तरेकडील शर्मन व शेरिडन यांच्याबरोबर दक्षिणेचा बक्नरही होता.

विद्यार्थिबंधूंनो, तुम्हांपैकीं कोणी उद्यां क्रीडासंघाचा नायक होईल, कोणी परीक्षक, कोणी न्यायाधीश, कोणी सरकारी अधिकारी. तुमचा एखादा बालमित्र जुन्या स्नेहाची आठवण देऊन संघांत जागा, चार गुण किंवा एखादा मक्ता मागेल. त्या वेळीं मित्राची गरज खरी असेल, तर आपल्या ताटांतील घांस त्यास खुशाल द्या. परंतु ज्या कोठाराच्या किल्ल्या इतरांनीं विश्वासानें तुमच्या हातीं दिल्या आहेत, त्यांतील दाणाही देऊं नका. आणि तुम्ही स्वतः मागणारे असाल, तर मित्राला अशा पेंचांत घालूं नका. त्याचा नकार ऐकूनही ज्याचें मन त्याच्याविषयीं कडू होत नाहीं, तोच त्याचा जन्माचा मित्र होय.