एक हात नौकेसाठी, एक हात स्वतःसाठी

शिडाच्या नौकांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक नियम आहे : एक हात नौकेसाठी, एक हात स्वतःसाठी. दोर ओढायचा असो, चहा करायचा असो वा नुसते डेकवरून चालायचे असो, एका हाताने काम करावे आणि दुसऱ्या हाताने काहीतरी घट्ट धरून ठेवावे. हा नियम केवळ नवशिक्यांसाठी नाही. खलाशी जितका मुरलेला, तितक्या कटाक्षाने तो पाळतो. वाचकहो, घरात भिंतीचा आधार घेताना ज्यांना संकोच वाटतो, त्यांच्यासाठी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्या आप्तांसाठी आज अशा एका नौकेवरचा दिवस पाहू या.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, मुख्य भूमी आणि व्हँकुव्हर बेट यांच्या दरम्यान गल्फ आयलंड्स हा बेटांचा समूह आहे. सॉल्ट स्प्रिंग, गॅलियानो, मेन, पेंडर, सॅटर्ना ही त्यांतील काही बेटे. मुलांकडे व्हँकुव्हरला जाऊन आलेल्या आपल्यापैकी काहींनी व्हिक्टोरियाकडे जाणाऱ्या फेरीबोटीतून ती पाहिलीही असतील. उन्हाळा आला की या बेटांच्या आडोशाला दहा-बारा मीटर लांबीच्या शिडाच्या नौका नांगरलेल्या दिसतात. त्यांवर कित्येकदा निवृत्त जोडपी असतात. आठवडेच्या आठवडे नौका हेच त्यांचे घर असते.

तेथील सकाळ ऐकण्याने सुरू होते. रेडिओवरचा सागरी हवामानाचा अंदाज ऐकायचा, मग भरती-ओहोटीचे कोष्टक पाहायचे. नांगर जागचा हलला नाही ना, इंजिनात तेल पुरेसे आहे ना, नौकेच्या तळाशी पाणी साचले नाही ना, ही तपासणी रोज ठरलेल्या क्रमाने होते आणि आढळले ते नोंदवहीत लिहिले जाते. कालच्यापेक्षा आज तळाशी पाणी अधिक आहे, हे रोज लिहिणाऱ्यालाच वेळीच कळते. घरी रक्तदाबाची वा साखरेची नोंद ठेवणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

नौकेच्या आत पाऊल टाकले की घराची एक निराळीच रचना दिसते. छताला लागून लाकडी कठडे असतात. एक हात सुटण्यापूर्वी दुसऱ्या हाताला पुढची पकड मिळावी, अशा अंतरावर. टेबलाला आणि फळ्यांना उंच कडा असतात, म्हणजे वस्तू घसरत नाहीत. नौका कलली तरी भांडे सरळ राहावे म्हणून शेगडी झुलती बसवलेली असते. स्वयंपाक झाला की गॅस मुख्य झडपेपाशी बंद केला जातो. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते, कारण अंधारात शोधाशोध करायला तेथे सवड नसते. खाली उतरताना जिन्याकडे तोंड करूनच उतरायचे, पाठ करून नाही. लाटेत अंथरुणातून कोणी खाली पडू नये म्हणून कडेला जाड कापड ताणून बांधतात. या सोयी कोणा दुबळ्या माणसासाठी केलेल्या नसतात. ज्याचे मनगट सर्वांत बळकट, तोही त्याच कठड्याला धरून चालतो.

एवढी खबरदारी केवळ वादळासाठी असते असेही नाही. पाणी आरशासारखे शांत असावे आणि दूरवरून गेलेल्या फेरीबोटीची लाट येऊन नौका एकाएकी हलावी, हे तेथे नित्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, अपघाती दुखापतींमुळे जगात होणाऱ्या मृत्यूंच्या कारणांत पडणे हे दुसऱ्या क्रमांकाचे कारण आहे आणि पडल्यामुळे दगावणाऱ्यांत सर्वाधिक संख्या साठीपुढच्यांची असते. घरातील जमीन हलत नाही. परंतु ओली फरशी, दुमडलेली सतरंजी किंवा झोपेतून उठताना आलेली भोवळ पायाखाली तशीच अवचित लाट आणते.

या बेटांमधील काही सामुद्रधुन्या फार अरुंद आहेत. नानायमो शहराजवळच्या डॉड नॅरोज या चिंचोळ्या वाटेत प्रवाहाचा वेग कधी कधी आठ नॉटच्याही पुढे जातो, म्हणजे तासाला सुमारे पंधरा किलोमीटर. शिडाच्या लहान नौकेचा वेग बहुधा पाच-सहा नॉटच असतो. मग करायचे काय? तर कोष्टक पाहून थांबायचे. भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वी काही मिनिटे पाणी स्थिर होते; त्या वेळी दहा नौका रांगेने निर्धास्त पार होतात. तेथे प्रवाहाशी झुंजण्यात कोणी पुरुषार्थ मानत नाही. गुडघे सकाळी आखडत असतील तर बाजारहाट दहानंतर करावा, औषध घेतल्यावर गरगरत असेल तर तेवढा वेळ बसून राहावे. आपल्या शरीराचेही असे एक कोष्टक असते आणि ते पाहून दिवस आखणे यात कमीपणा नाही.

आता काळजीवाहकांसाठी थोडे. लांबच्या प्रवासात वा रात्री वारा वाढून नांगर सरकण्याची भीती असली की नौकेवर जागरणाच्या पाळ्या लागतात. बहुधा तीन किंवा चार तासांच्या. ज्याची पाळी संपली त्याने झोपलेच पाहिजे. ती चैन नसून त्याचे कर्तव्य असते, कारण थकलेल्या माणसाच्या हातातले सुकाणू सर्वांनाच धोक्यात घालते. आपल्या घरांत मात्र पत्नी, मुलगी वा सून महिनोन्‌महिने एकटीच पहाऱ्यावर असते आणि तिला कोणी ‘जा, आता तू नीज’ असे म्हणत नाही. पाळी ठरवावी, ती कागदावर लिहावी आणि आजारी व्यक्तीनेही दुसऱ्या हाताची सेवा आनंदाने स्वीकारावी.

जीन सॉक्रेटिस या ब्रिटिश बाईंचे उदाहरण येथे आठवते. २०१७ मध्ये प्रवासाची तयारी सुरू असताना त्या नौकेवरून जमिनीवर पडल्या. मानेला मोठी दुखापत झाली, बरगड्याही मोडल्या. पुरते बरे होऊन २०१८ च्या ऑक्टोबरात त्या याच बेटांजवळच्या व्हिक्टोरियाहून निघाल्या आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, एकटीने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून तेथेच परतल्या. त्यांचे धाडस सर्वांना दिसते. त्या अकरा महिन्यांत त्यांच्या हाताने किती वेळा कठडा धरला असेल, त्याची गणती मात्र कोणी केलेली नाही.

या पंधरवड्यात एवढेच करा. रात्री नेहमीच्या वेळी अंथरुणाच्या कडेला मिनिटभर बसा, मग उठून न्हाणीघरापर्यंत सावकाश चालत जा. घरातील एकाने बरोबर चालत आपला हात नकळत कोठे कोठे टेकतो ते पाहावे आणि तेथे खडूने खूण करावी. दाराची चौकट, खुर्चीची पाठ, टॉवेलची दांडी अशा खुणा निघतील. यांतील खुर्ची सरकते आणि टॉवेलची दांडी वजनाने निखळते. त्या खुणांपाशी भिंतीत पक्का बसवलेला कठडा लावून घ्या, वाटेत मंद दिवा ठेवा आणि चष्मा व काठी यांची जागा उशाशी ठरवून टाका. कठडा बसवायला कारागीर आला की घरातील तरुणांनीही तो एकदा धरून, ओढून पाहावा. तो त्यांच्यासाठीही आहे.