विश्लेषण : आराखड्याला ३७६ कोटी, खरेदीला ६२,७०० कोटी! स्वदेशी लष्करी हेलिकॉप्टरला इतकी वर्षे का लागतात?

संरक्षण मंत्रालयाने २८ मार्च २०२५ रोजी हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडशी (एचएएल) १५६ ‘प्रचंड’ लढाऊ हेलिकॉप्टर्ससाठी ६२,७०० कोटी रुपयांचे करार केले. त्यातील ९० हेलिकॉप्टर्स लष्कराला, तर ६६ हवाई दलाला मिळणार आहेत. याच हेलिकॉप्टरच्या आराखडा आणि विकासासाठी २००६ मध्ये मंजूर झालेली रक्कम होती सुमारे ३७६ कोटी. मधल्या काळातली महागाई धरली तरी तफावत डोळ्यांत भरते. खरा खर्च खरेदीत होतो, पण विलंब त्याच्या आधीच्या टप्प्यांवर होतो.

‘प्रचंड’ला किती काळ लागला?

गरज कळली ती १९९९ च्या कारगिल युद्धात. उंच शिखरांवरील शत्रूवर मारा करू शकेल असे हेलिकॉप्टर तेव्हा नव्हते. रॉकेट लावलेली एमआय-१७ वापरावी लागली आणि त्यातील एक तोलोलिंगजवळ पाडले गेले. त्यानंतर २००६ मध्ये प्रकल्पाला मंजुरी मिळाली, २९ मार्च २०१० रोजी पहिले उड्डाण झाले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये जोधपूरला ‘प्रचंड’ हवाई दलात दाखल झाले. म्हणजे गरजेपासून तैनातीपर्यंत २३ वर्षे!

ही वर्षे कुठे जातात?

काही विलंब अटळ असतो. उंचीवर हवा विरळ होते. त्यामुळे पात्यांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. ‘प्रचंड’ पाच हजार मीटर उंचीवर उतरून पुन्हा उडू शकते, पण ते सिद्ध करायला लडाखची थंडी आणि वाळवंटातील उन्हाळा अशा दोन्ही ठिकाणी चाचण्या लागतात.

दुसरा विलंब मात्र टेबलावरचा आहे. पहिल्या उड्डाणानंतर १२ वर्षांनी, २०२२ मध्ये फक्त १५ हेलिकॉप्टर्सच्या खरेदीला मंजुरी मिळाली. मोठी ऑर्डर यायला आणखी तीन वर्षे गेली. पुढच्या ऑर्डरची खात्री नसेल, तर सुटे भाग बनवणारा छोटा उद्योजक महागडी यंत्रे कशाच्या भरवशावर घेणार?

चाचण्यांवर बचत परवडते का?

नाही. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ‘ध्रुव’ कोसळून तिघांचा मृत्यू झाला. त्यानंतर देशभरातील सुमारे ३३० ‘ध्रुव’ जमिनीवर आले. एका अपघाताने सैन्याची रसद, गस्त आणि बचावकार्य अडते. सुटे भाग किती तास टिकतात हे तपासण्याचा खर्च म्हणूनच चैन ठरत नाही.

भरपूर पैसा दिला की काम होते?

तसेही नाही. अमेरिकेने सुमारे सात अब्ज डॉलर खर्चून ‘कोमांची’ प्रकल्प २००४ मध्ये बंद केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या टेहळणी हेलिकॉप्टरचा ‘फारा’ प्रकल्पही गुंडाळला. तोवर त्यावर जवळपास दोन अब्ज डॉलर खर्च झाले होते. युक्रेन युद्धात टेहळणीचे बरेच काम ड्रोन करताना दिसले, हे त्यामागचे मोठे कारण. त्यामुळे पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि प्रत्येक टप्प्यावर ‘याची गरज अजून आहे का?’ हे विचारावे, हा त्यातला धडा.

पुढची परीक्षा कोणती?

एमआय-१७ ची जागा घेण्यासाठी एचएएलने १३ टन वजनी गटातील ‘आयएमआरएच’ हे बहुउद्देशीय हेलिकॉप्टर आखले आहे. सैनिक आणि सामान वाहून नेण्याचे हे काम आजच्या ड्रोनला पेलणारे नाही. कळीचा मुद्दा इंजिनाचा आहे. ‘ध्रुव’ आणि ‘प्रचंड’मधील ‘शक्ती’ इंजिन फ्रेंच भागीदारीतून आले. नव्या हेलिकॉप्टरसाठीही एचएएल फ्रान्सच्या सॅफ्रनसोबत ‘अरावली’ इंजिन विकसित करत आहे. इंजिन रखडले तर सांगाडा तयार असूनही उपयोग नाही. म्हणून इंजिन आणि चाचण्यांचा निधी आधी बांधून द्यायला हवा, आणि चाचण्या यशस्वी झाल्यास किती हेलिकॉप्टर्स घेणार हेही सरकारने सुरुवातीलाच सांगायला हवे. खर्चाचा हिशेब दर टप्प्याला संसदेपुढे आला, तर करदात्यालाही त्यावर विश्वास बसेल.

उशिराची किंमत कोण मोजतो?

वैमानिक. १९५० च्या दशकातील फ्रेंच आराखड्यांवर बेतलेली चीता आणि चेतक आजही सेवेत आहेत. त्यांची जागा घेणाऱ्या हलक्या हेलिकॉप्टरचे पहिले उड्डाण सप्टेंबर २०१६ मध्येच झाले. नाशिकच्या आर्मी एव्हिएशन प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांनी आजोबांच्या काळातील यंत्रे आणखी किती वर्षे उडवायची, हे या फायलींच्या वेगावर ठरणार आहे.