अ‍ॅक्सोलॉटलची वंशावळ

पाळलेला अ‍ॅक्सोलॉटल दगावल्यावर अमेरिकेतील हौशी पालक दुकानाऐवजी आपल्याच गावातील ब्रीडर, म्हणजे घरच्या टाक्यांत या प्राण्यांची पैदास करणारा माणूस, शोधू लागतो, तेव्हा त्याच्या नकळत एका फार जुन्या वंशावळीचा प्रश्न त्याच्यापुढे उभा असतो. मेक्सिको सिटीलगतच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतील हा सॅलमँडर कुळातील उभयचर वयात आल्यावरही बाह्य कल्ले टाकत नाही आणि जन्मभर पाण्यातच राहतो. बालरूप न सोडता प्रजननक्षम होण्याच्या या अवस्थेला निओटेनी म्हणतात. मूळ अधिवासात तो अतिसंकटग्रस्त ठरला आहे, तर जगभरच्या प्रयोगशाळांत आणि घरगुती टाक्यांत मुबलक आढळतो. मात्र या मुबलकतेचे मूळ बरेचसे १८६४ च्या सुमारास पॅरिसला पोहोचलेल्या मोजक्या प्राण्यांत असून, ऑगस्त द्युमेरील यांनी तेथे त्यांची वीण वाढवली. पुढे नव्या रक्ताची थोडी भर पडली, तरी बंदिस्त अ‍ॅक्सोलॉटल एकमेकांचे जवळचे नातलगच राहिले.

म्हणूनच पिल्लाच्या रंगापेक्षा त्याचे आईबाप कोण, हे विचारणे महत्त्वाचे ठरते. एका विणीत शेकडो अंडी पडत असल्याने अनेक ब्रीडर ठरवून नव्हे, तर नर-मादी एका टाकीत राहिल्यामुळे ब्रीडर झालेले असतात, आणि ती जोडी सख्ख्या भावंडांची होती की काय, हे त्यांनाही ठाऊक नसते. पिल्ले एकमेकांचे पाय तोडतात. ते पुन्हा उगवत असले तरी सात-आठ सेंटिमीटर लांबी होण्याआधी पिल्लू विकायला काढणारा ब्रीडर टाळलेला बरा.

खरी अडचण असते ती नवा प्राणी आणण्याच्या घाईची. चांगली निगा राखल्यास दहा-पंधरा वर्षे जगणारा हा प्राणी अकाली मरतो तेव्हा पुष्कळदा पाण्याची उष्णता किंवा साचलेला अमोनिया कारणीभूत असतो, आणि ते कारण रिकाम्या टाकीत तसेच राहते. अमोनियाचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. त्यातही मेख अशी की टाकीत प्राणीच उरला नाही, तर अमोनियाअभावी हे जिवाणूही उपासमारीने कमी होऊ लागतात, त्यामुळे पूर्वी नीट चाललेल्या टाकीवरही विसंबता येत नाही. आधीचा प्राणी कशाने गेला, हे विचारल्याशिवाय पिल्लू न देणारा ब्रीडर दुःखी माणसाला कठोर वाटतो. पण तोच विश्वासाचा असतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात अ‍ॅक्सोलॉटल पाळण्यासच मनाई असल्याने तेथे हा शोध सुरूच होत नाही. तेथील भीती अशी की सुटलेले प्राणी स्थानिक सॅलमँडरांना उपद्रव करतील. भारतात २०२२ च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर, आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित करणाऱ्या साइट्स कराराच्या यादीतील जिवंत विदेशी प्राण्यांची नोंदणी आवश्यक झाली असून अ‍ॅक्सोलॉटल त्या यादीत आहे. शिवाय १६ ते १८ अंश सेल्सिअस पाणी मानवणाऱ्या या प्राण्यासाठी नागपूरच्या मे महिन्यात पाणी थंड राखणारा चिलर अखंड चालवावा लागतो.